बचत खातं कोणत्या बँकेत ठेवावं? गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचे चुकारे, धानाचे पैसे, तेंदूपत्त्याची मजुरी, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये. आता सगळं खात्यातच येतं. खातं जवळपास प्रत्येकाकडे आहे, काहींकडे तर तीन-तीन आहेत. पण गरज पडली त्या दिवशी पैसा हातात येईल आणि मधल्या मधे कापला जाणार नाही, असं खातं कोणतं हे ठरवताना गोंधळ होतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, गडचिरोलीकडच्या गावांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे घेतले आहेत. व्याजदर आणि शुल्कं बदलत राहतात, म्हणून खातं काढायच्या दिवशी शाखेत एकदा विचारून खात्री करून घ्याच.

सगळ्यात जास्त व्याज कोणती बँक देते?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. माझ्या मते तो तिसरा विचारायचा.

बचत खात्यावर किती व्याज द्यायचं हे ठरवायची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २५ ऑक्टोबर २०११ पासून बँकांना दिली. एक लाखापर्यंतच्या शिलकीवर मात्र एका बँकेत सगळ्यांना सारखाच दर द्यावा लागतो. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये हा दर २.५ टक्क्यांवर आणला आणि बाकीच्या मोठ्या बँकाही त्याच्याच आसपास आल्या. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के मिळतात. काही स्मॉल फायनान्स बँका याहून जास्त देतात, पण जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा मोठ्या शिलकीसाठी असतो.

आता हिशोब करा. वर्षभरात खात्यावर सरासरी ४० हजार राहत असतील तर २.५ टक्क्यांनी १,००० रुपये मिळतील, ४ टक्क्यांनी १,६००. फरक ६०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला ५०. जास्त व्याजाची शाखा तालुक्याला असेल आणि गावातून काढायची सोय नसेल, तर जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून दोन-तीन चकरांतच हा फरक संपतो. रक्कम दोन-तीन लाखांची असेल तर गोष्ट वेगळी. पण इतकी रक्कम बचत खात्यात पडून राहू द्यायचीच कशाला? त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मग पहिलं काय पाहायचं?

पैसा किती लवकर हातात येतो ते.

मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले की कृषी केंद्रावर बियाण्यासाठी झुंबड उडते. त्या दिवशी पैसा लागतो म्हणजे त्याच दिवशी लागतो. घरात कोणाला साप चावला, बाळंतपण अडलं, तर तासाभरात लागतो. म्हणून खातं काढायच्या आधी त्या शाखेत आठवडी बाजाराच्या दिवशी एक चक्कर मारा. रांग किती आहे, लिंक चालू आहे का, विड्रॉलची स्लिप भरून द्यायला कोणी मदत करतं का, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. शाखेच्या बाहेरच्या एटीएमवर सणाच्या आधी रोकड असते का, हे आजूबाजूच्या दुकानदाराला विचारा. तो खरं सांगतो.

गावात बँक मित्र किंवा ग्राहक सेवा केंद्र असेल तर आधारवर अंगठा लावून पैसे निघतात. ही सोय फार मोलाची आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून बोटांची कातडी फाटलेली असते, रेषा घासून गेलेल्या असतात, आणि मशीन अंगठा घेत नाही. वेचणीच्या दिवसांत एकेका बाईला दहाही बोटं लावून पाहावी लागतात, हात पदराला पुसून, पुन्हा लावून. म्हणून अंगठ्याच्या जोडीला एटीएम कार्ड हवंच. कार्ड घेऊन पेटीत ठेवू नका. पिन तयार करा, एकदा वापरून पाहा.

बँक मित्राला वरून पैसे द्यावे लागतात का?

नाही. त्याला बँकेकडून कमिशन मिळतं. काही शुल्क असलंच तर ते बँक खात्यातून घेते आणि ते पासबुकात दिसतं. हातावर दहा-वीस रुपये मागितले तर द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं तर आधीचा व्यवहार फेल झाल्याची पावती किंवा पडद्यावरचा मेसेज मागा. दोनदा अंगठा, दोनदा विड्रॉल आणि हातात एकदाचेच पैसे, असे प्रकार होतात. आणि लिंक गेल्यामुळे खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, तर घाबरू नका. एटीएम असो की आधारवरचा व्यवहार, बँकेने पाच दिवसांत रक्कम परत जमा करायची असते. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. पावती जपून ठेवा.

कमीत कमी शिल्लक ठेवली नाही तर दंड बसतो का?

बँकेवर अवलंबून आहे. स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्येच काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यावरचा दंड बंद केला. खासगी बँकांमध्ये अट अजून आहे आणि रक्कम लहान नाही. दंडावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

आपल्याकडे पैसा हंगामात येतो. डिसेंबर-जानेवारीत खातं भरलेलं असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये रिकामं. पगारदाराच्या हिशोबाने बनवलेली सरासरी शिलकीची अट शेतकऱ्याला झेपत नाही. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: शिलकीची अट असलेलं खातं घेऊच नका, कितीही चांगलं कार्ड देत असले तरी.

आधीच घेतलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. नुसत्या या दंडामुळे खातं वजा करायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१५ पासून आहे. ‘तुमच्या खात्यावर उणे दोन हजार आहेत, ते भरा मग खातं बंद करतो’ असं कोणी म्हणालं तर हा नियम दाखवा आणि उत्तर लेखी मागा.

माझं जनधन खातं आहे. तेवढं पुरे का?

बहुतेकांना पुरतं. २८ ऑगस्ट २०१४ ला ही योजना सुरू झाली. शिलकीची अट नाही, रुपे एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढायला काही लागत नाही. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याच्या कार्डावर दोन लाखांचा अपघात विमा आहे, त्याआधीच्यावर एक लाखाचा. पण हा विमा मिळायला अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. म्हणूनच वर म्हटलं, कार्ड पेटीत ठेवू नका.

एक अडचण मात्र नेमकी हंगामातच उघडी पडते. योजनेच्या सुरुवातीला शिबिरांत घाईघाईने उघडलेली बरीच खाती पुरेशा कागदपत्रांशिवायची, म्हणजे ‘छोटी खाती’ होती. अशा खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, एका वेळी ५० हजारांवर शिल्लक राहत नाही आणि महिन्यात १० हजारांवर काढता येत नाहीत. कापूस विकला, सव्वा लाखाचा चुकारा यायचा आहे आणि तो खात्यात पडतच नाही. खरेदी केंद्रावाले बँकेकडे बोट दाखवतात, बँक खरेदी केंद्राकडे. दसऱ्याच्या आधीच शाखेत जाऊन विचारा, ‘माझं खातं पूर्ण केवायसीचं, म्हणजे ओळखीची-पत्त्याची सगळी कागदपत्रं दिलेलं, आहे का?’ नसेल तर आधार, पॅन आणि फोटो देऊन ते साध्या खात्यात बदलून घ्या. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून देता येतो.

पीक कर्ज ज्या बँकेत आहे, तिथेच बचत ठेवावी का?

नाही. बचतीचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा.

कर्ज थकलं की बँक त्याच शाखेतल्या बचत खात्याला होल्ड लावते, म्हणजे त्यातले पैसे काढता येत नाहीत. कायद्याने बँकेला येणं वळतं करून घ्यायचा हक्क असतो. पण ज्या घरात दवाखान्याचे, पोरीच्या फीचे पैसे त्याच खात्यात असतात, तिथे होल्ड लागल्यावर काय होतं हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. अतिवृष्टीचं किंवा गारपिटीचं अनुदान जमा होतं तेव्हा त्यातून कर्जवसुली करू नये, असं शासन आपल्या निर्णयात बँकांना स्पष्ट बजावतं. तरीही होल्ड लागतो आणि तो काढायला शेतकऱ्याला हेलपाटे घालावे लागतात. अशा वेळी शासन निर्णयाची प्रत घेऊन शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. तोंडी सांगून काम होत नाही.

कर्ज बुडवण्यासाठी हा सल्ला नाही. उलट, मुदतीत परतफेड केली तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बिनव्याजी पडतं. कर्ज फेडाच. पण घर चालवायचा पैसा आणि कर्जाचं खातं एकाच छताखाली नको.

पोस्टाचं खातं कसं आहे?

ज्या गावात बँक नाही पण पोस्ट आहे, तिथे पहिलं नाव पोस्टाचंच. पैशाला केंद्र सरकारची हमी आहे, ५०० रुपये शिल्लक पुरते. आर्थिक वर्षाच्या शेवटी त्याहून कमी असेल तर ५० रुपये कापतात. व्याज ४ टक्के, पण मोजायची रीत वेगळी आहे. बँक रोजच्या शिलकीवर व्याज मोजते. पोस्ट महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यावर जी सगळ्यात कमी शिल्लक राहिली, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज देतं. १२ तारखेला ५० हजार भरले तर त्या महिन्याचं त्यांच्यावर काही मिळणार नाही. २८ तारखेला काढले तर सगळ्या महिन्याचं गेलं. म्हणून भरायचे १० तारखेच्या आत, आणि काढायचे शक्यतो पुढची पहिली तारीख उजाडल्यावर.

लहान ब्रँच पोस्ट दिवसातले थोडेच तास उघडं असतं आणि तिथे मोठी रोकड नसते. लग्नकार्यासाठी रक्कम लागणार असेल तर पोस्टमास्तरांना आधी सांगून ठेवा.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं हे वेगळं आहे. तेही पोस्टमनच उघडून देतो, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. त्यात दिवसाअखेर दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि व्याजही कमी आहे. हप्ते घ्यायला आणि पोस्टमनकडून घरपोच पैसे घ्यायला ते चांगलं. साठवायला पोस्टाचं जुनं बचत खातं बरं.

पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. तिथे ठेवू का?

गावातल्या पतसंस्थेचा माणूस ओळखीचा असतो, दारात येऊन पिग्मी, म्हणजे रोजची लहान बचत, घेऊन जातो, अडीअडचणीला कर्जही देतो. हे सगळं खरं आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून, म्हणजे डीआयसीजीसीकडून, पाच लाखांपर्यंत पैसे मिळतात. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. अर्बन क्रेडिट सोसायटी, मल्टिस्टेट सोसायटी, निधी कंपनी, नाव काहीही असो, उत्तर तेच.

पिग्मीत हजार-दोन हजार असणं वेगळं आणि वावर विकून आलेले आठ लाख एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे ठेवणं वेगळं. हे दुसरं करू नका. विदर्भात अशा संस्था बुडाल्यावर म्हातारी माणसं पावत्या घेऊन वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिली आहेत.

पाच लाखांचा विमा प्रत्येक खात्याला का?

नाही. एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखांतली सगळी खाती आणि ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा एक लाख होती. २०२१ मध्ये कायदा बदलला, आणि आता बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत. पाच लाखांपेक्षा जास्त असतील तर दोन बँकांत विभागा.

जिल्हा बँक आणि ग्रामीण बँक भरवशाच्या आहेत का?

दोन्हींना हा विमा लागू आहे. सोसायटीमार्फत पीक कर्ज जिल्हा बँकेतूनच येतं, त्यामुळे बऱ्याच जणांचं खातं तिथे असतंच. पण नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँका एकेकाळी अडचणीत आल्या आणि ठेवीदारांना स्वतःच्याच पैशासाठी ताटकळावं लागलं, हे विसरून चालणार नाही. तेव्हा कर्जापुरतं खातं तिथे आणि साठवण दुसरीकडे, हेच बरं.

विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. पासबुक जुनं असेल तर नवं घ्या आणि आयएफएससी कोड शाखेतून खात्री करून घ्या, नाहीतर बाहेरगावचा मुलगा पैसे पाठवेल आणि ते परत जातील.

दोन खाती आहेत. सरकारी पैसा कोणत्या खात्यात येईल?

केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं हप्त्यासाठी जोडलं गेलं, असं नाही. त्यासाठी संमतीचा वेगळा फॉर्म असतो. एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं आणि तुम्ही शेवटी ज्या बँकेला संमती दिली, तिथे पैसा जातो. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचे पैसे विसरलेल्या दुसऱ्या खात्यात सापडतात. नवं खातं काढताना फॉर्मवर कुठे सही घेतात ते पाहा. कोणतं खातं जोडलेलं आहे हे आधारच्या वेबसाइटवर दिसतं. सेतू केंद्रातही पाहून देतात.

खात्यातून ४३६ आणि २० रुपये कशाचे कापले?

४३६ रुपये जीवन ज्योती विम्याचे, २० रुपये सुरक्षा विम्याचे. दरवर्षी मेच्या शेवटी कापतात, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण मिळतं. पहिला कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर, दुसरा अपघातात. मला वाटतं दोन्ही ठेवावेत. फक्त दोन बँकांत दोनदा कापले जात असतील तर एक बंद करा, कारण पैसे एकदाच मिळतात. आणि मेमध्ये खातं रिकामं ठेवू नका. हप्ता कापला गेला नाही तर विमा संपतो.

कापूस, तूर विकून एकदम मोठी रक्कम आली. ती बचत खात्यातच ठेवू का?

घरखर्चाचे दोन-तीन महिने आणि दवाखान्यासाठी थोडे एवढे बचत खात्यात ठेवा. बाकीच्याची एक मोठी पावती करू नका, तीन-चार लहान मुदत ठेवी करा. जूनच्या बियाण्याची वेगळी, शाळेच्या फीची वेगळी. अचानक गरज पडली तर त्यातली एकच लहान पावती मोडावी लागते, बाकीच्या तशाच राहतात. मुदतीआधी मोडल्यावर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दलाला धक्का लागत नाही.

व्याजावर टॅक्स?

बचत खात्याच्या व्याजातून बँक आधीच कर (टीडीएस) कापत नाही. जुन्या करपद्धतीत १० हजारांपर्यंतच्या व्याजावर सूट आहे, ज्येष्ठांना ठेवींचं व्याज धरून ५० हजारांपर्यंत. बहुतेक शेतकरी घरांना इतकी चिंता करायचं कारण पडत नाही.

बाईच्या नावाने वेगळं खातं असावं का?

असावं. तिच्या एकटीच्या नावाचं, आणि मोबाइल नंबरही तिचाच. बचत गटाचे पैसे, मजुरी, लाडक्या बहिणीचा हप्ता तिच्या हातात यावा यासाठी मेसेज तिच्या फोनवर यायला हवा. नवऱ्याचा किंवा पोराचा नंबर जोडला असेल तर खातं नावापुरतंच तिचं राहतं. दहा वर्षांवरच्या मुलामुलींनाही आता स्वतःचं खातं स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. मुलीचं खातं याच वयात काढलं तर शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होत नाही.

वारसदाराचं नाव लावलं नाही तर काय होतं?

घरचा माणूस गेल्यावर, दुःख ताजं असताना, वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार यांच्या मागे फिरावं लागतं. नॉमिनी लावायला एक फॉर्म आणि पाच मिनिटं लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं लावता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पासबुकाचं पहिलं पान आजच उघडून पाहा.

जुनं खातं वापरात नाही. त्यातले पैसे गेले का?

गेले नाहीत. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. केवायसी पुन्हा दिली की फुकट सुरू करून देतात. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी मालकाचा किंवा वारसाचा हक्क राहतो. बापाच्या किंवा आजोबाच्या नावाचे असे पैसे कुठे आहेत का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतं.

बँक ऐकून घेत नाही. पुढे कुठे जायचं?

आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर मात्र एक तासही थांबू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले असतील आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला सांगितलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून तेव्हाही पहिला फोन लाजेने लांबवू नका.